कलेतली आणि विज्ञानातली सर्जनशीलता वेगळी असते का?

हो, आणि खरा फरक कल्पना सुचल्यानंतर पडतो: वैज्ञानिकाच्या कल्पनेला निसर्गाचा होकार लागतो. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हचा १८६९ सालचा मूलद्रव्यांचा तक्ता पाहा. ॲल्युमिनियमच्या ओळीत त्याने नाव न लिहिता फक्त ‘? = ६८’ असं मांडलंय. तेव्हा कुणालाच माहीत नसलेल्या मूलद्रव्याचा हा अणुभार! १८७५ मध्ये त्या रिकाम्या जागी बसणारं मूलद्रव्य, गॅलियम, सापडलं. त्याचा अणुभार जवळपास ७० निघाला. केवढी ही झेप! चित्राला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. शिवाय नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विन आणि वॉलेस या दोघांना स्वतंत्रपणे सुचला. तीच कविता, शब्दांसकट, दोघांना सुचत नाही. वास्तुकलेत मात्र ही विभागणी टिकत नाही, कारण इमारत देखणी हवी आणि उभीही राहायला हवी.