एक प्रकरण, तीन वर्षे

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेऊन तू बी. ए.ला प्रवेश घेतल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. ओढा आंतरराष्ट्रीय संबंधांकडे आहे, पण सुरुवात कोठून करावी, काय वाचावे आणि घरच्यांच्या ‘मग यूपीएससीला बसणार का?’ या प्रश्नाला काय सांगावे, असे तू विचारले आहेस. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देते. नागरी सेवा मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि पदवीचा अभ्यास नीट झालेल्या विद्यार्थ्याला तो विषय जड जात नाही. मात्र पहिल्या वर्षापासूनच क्लासच्या नोट्सवर विसंबून राहिलीस, तर प्रत्येक विषय ‘महत्त्व’ आणि ‘वैशिष्ट्ये’ अशा सहा-सहा मुद्द्यांत आवळण्याची सवय जडते आणि ती पुढे सुटता सुटत नाही. परीक्षेचा निर्णय तिसऱ्या वर्षी घेतलास तरी चालेल, असे घरी सांग.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांत एक प्रकरण निवड आणि ते मूळ कागदपत्रांतून शेवटपर्यंत वाच, एवढाच माझा आग्रह आहे. अभ्यासक्रमात वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन, सार्वभौमत्व, संयुक्त राष्ट्रे हे सारे येईल आणि प्रत्येक प्रकरणाअखेर त्याची व्याख्या तुला पाठ होईल. परंतु या संकल्पना एकाच घटनेवर लावून पाहिल्याशिवाय त्यांतली कोणती कोठे उपयोगी पडते आणि कोठे लंगडी पडते, हे कळत नाही. युक्रेन किंवा गाझा निवडण्याचा मोह होईल. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांचे निम्मे कागद अजून बंद आहेत आणि रोजच्या बातम्या अभ्यासाला बसू देत नाहीत. मी तुला दादरा-नगरहवेली आणि गोव्याचे प्रकरण सुचवीन. ते आपल्या दाराशी घडले आहे, त्याचे बहुतेक महत्त्वाचे दस्तऐवज खुले आहेत आणि त्यात तुझ्या अभ्यासक्रमातला जवळजवळ प्रत्येक विषय कोठे ना कोठे भेटतो.

थोडक्यात घटनाक्रम असा. दमणपासून आत, चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेल्या दादरा व नगरहवेलीतील पोर्तुगीज सत्ता १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी उलथून टाकली आणि भारत सरकारने पोर्तुगिजांना तेथे जाण्याची वाट बंद केली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि अवघ्या आठ दिवसांनी, २२ डिसेंबरला, दमणहून तेथे जाण्याच्या वाटेचा हक्क मागत भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्या दोन तारखा एकाखाली एक मांडून पाहा. लहान आणि जुनाट म्हणून ज्या सत्तेची आपल्याकडे थट्टा होत असे, तिने नव्या संस्थेचा उपयोग किती तत्परतेने केला, हे त्यांवरून दिसते.

१२ एप्रिल १९६० चा निकाल मुळातून वाच. पहिल्या वाचनात तो अर्धाही समजणार नाही, त्याची काळजी करू नकोस. पोर्तुगालने आपल्या हक्काच्या समर्थनार्थ १७७९ साली पेशव्यांशी झालेला पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या सनदा पुढे केल्या होत्या. तहाने सार्वभौमत्व दिले, की केवळ महसूल वसूल करण्याचा सरंजामी हक्क दिला, याचा खल हेगच्या न्यायमूर्तींनी तहाचा मराठी मजकूर पाहून केला आहे आणि मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, असा निष्कर्ष काढला आहे. तरीही पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगीज सत्ता व्यवहारात मान्य केली होती, म्हणून ती न्यायालयानेही गृहीत धरली. त्यानंतर न्यायालयाने वाटेच्या हक्काचे दोन भाग पाडले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना ये-जा करण्याचा हक्क १९५४ मध्ये होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र सेना, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा एका मताच्या फरकाने ठरले. आणि वाट रोखण्यात भारताने आपल्या बंधनांचा भंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी. ‘भारताने खटला जिंकला’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास छापले जाते. या तीन मतदानांकडे पाहिल्यावर तेच वाक्य तू किती जपून लिहिशील, याची मला उत्सुकता आहे.

या प्रकरणाची एक बाजू अभ्यासक्रमात सहसा येत नाही. १९५४ पासून १९६१ पर्यंत या प्रदेशावर पोर्तुगालचा ताबा नव्हता आणि भारताने तो घटनात्मक रीतीने सामीलही करून घेतला नव्हता. तेथे ‘वरिष्ठ पंचायत’ या स्थानिक मंडळाचा कारभार होता. १९६१ मध्ये सामिलीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या भारतीय सनदी अधिकाऱ्याकडे तेथील प्रशासनप्रमुखपद द्यावे लागले आणि मग हा प्रदेश भारतात सामील करणारी दहावी घटनादुरुस्ती झाली. राज्यसंस्थेची लक्षणे सांगणारा १९३३ चा माँटेव्हिडिओ करार तुला पहिल्याच वर्षी शिकवतील: स्थायी लोकसंख्या, निश्चित प्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. ती सात वर्षे या चार कसोट्यांवर घासून पाहा. मान्यता न मिळालेल्या सत्तेचे स्थान काय, हा प्रश्न तैवान किंवा कोसोव्होवरच्या कोणत्याही चर्चेपेक्षा येथे अधिक स्वच्छ दिसतो.

आता गोव्याकडे वळ. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा पोर्तुगिजांकडून घेण्याची भारताची लष्करी कारवाई चालू असतानाच, संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद बसली. युद्धबंदी आणि सैन्य माघारीची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने सात मते पडली. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (तेव्हाचे इजिप्तचे नाव) अशी चार. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. अमेरिकेच्या वतीने अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन आणि भारताच्या वतीने सी. एस. झा जे बोलले, ते इतिवृत्तात शब्दशः आहे. बळाचा वापर करू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम एका पारड्यात आणि वसाहतवाद संपवण्याविषयीचा आमसभेचा १९६० चा १५१४ क्रमांकाचा ठराव दुसऱ्या पारड्यात, असा तो वाद आहे. पोर्तुगाल नाटो या पाश्चात्त्य राष्ट्रांच्या लष्करी संघटनेचा संस्थापक सदस्य असूनही नाटो या युद्धात का उतरली नाही, याचे उत्तर शोधायचे तर त्या कराराचे सहावे कलम उघड. त्यातील भौगोलिक मर्यादेत गोवा बसत नाही. अर्थात कलम हे एक कारण झाले, आणि केवळ कलमांमुळे राष्ट्रे युद्धे टाळतात, असे वास्तववादी, म्हणजे राष्ट्रे सत्ता आणि स्वार्थ पाहूनच वागतात असे मानणारा, अभ्यासक कधीच मानणार नाही. त्याच्याशी तू वर्गात भांड.

कारवाई नेमकी तेव्हाच का, हा प्रश्न तुला देशांतर्गत राजकारणात घेऊन जाईल. १९६२ च्या फेब्रुवारीत लोकसभेची निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. टीकाकारांनी या दोहोंची सांगड तेव्हाच घातली. ती कितपत खरी, हे पुराव्याने ठरव. माझे मत असे की, निवडणुकीने तारीख जवळ आणली असेल, पण चौदा वर्षे वाटाघाटींना दाद न देणाऱ्या लिस्बनने, म्हणजे पोर्तुगाल सरकारने, दुसरा मार्ग उरू दिला नव्हता. हे मत खोडून काढणारे तुला काही सापडले, तर मला आनंदच होईल. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध वेगवेगळे शिकावेत का, हे तू विचारलेस. मतदारसंघ आणि सुरक्षा परिषद एकाच प्रकरणात अशी समोरासमोर आल्यावर ती भिंत आपोआप बाजूला पडते. पुढे गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ मध्ये गोव्याला मिळालेला घटकराज्याचा दर्जा येथपर्यंत गेलीस, तर काल परराष्ट्र खात्याकडे असलेला प्रश्न उद्या संघराज्याचा आणि भाषेचा प्रश्न कसा होतो, तेही दिसेल. त्या टप्प्यावर मराठी वाचक म्हणून तुझीही एक बाजू असणार आहे, हे ध्यानात ठेवून वाच.

कामाच्या पद्धतीविषयी थोडे. कागद वाचताना वहीचे पान उभे दुभाग. डावीकडे पक्षाचा दावा आणि उजवीकडे त्यासाठी दिलेला पुरावा लिही. उजवी बाजू जेथे कोरी राहते, तेथे थांब. हीच रीत चालू घडामोडींनाही लागू पडते: दोन देशांची भेट झाली की दोन्ही परराष्ट्र मंत्रालयांची निवेदने शेजारी ठेव आणि एकात असलेले पण दुसऱ्यात नसलेले वाक्य शोध. संध्याकाळच्या टीव्ही चर्चेपेक्षा त्या एका वाक्यातून अधिक हाती लागते. इंग्रजीची भीती वाटत असेल, तर दिवसाला दोनच पाने वाच, पण सारांश मराठीत आणि पूर्ण वाक्यांत लिही. सोबत अर्थशास्त्राचा एखादा आणि संख्याशास्त्राचा एक प्राथमिक श्रेयांक विषय (क्रेडिट कोर्स) घे. अभिरूप संयुक्त राष्ट्रसभांना (विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी होऊन वाद घालतात ते ‘मॉडेल यूएन’) जायला हरकत नाही. तेथे बोलण्याची भीड चेपते, अभ्यास मात्र घरीच करावा लागतो.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मला दोन पाने लिहून पाठव: १९६० च्या खटल्यातील पोर्तुगालची बाजू, पोर्तुगालच्या वकिलाने मांडावी तशी. त्यात उपरोध नको, ‘तथाकथित’ हा शब्द नको आणि शेवटी भारताचे उत्तरही नको. ते उत्तर दुसऱ्या सत्रात लिहायचे आहे. निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. छापून घेतलास तर समासात भरपूर जागा सोड, कारण माझ्या खुणा तेथेच होतील.

कळावे,
तुझी हितचिंतक शिक्षिका