परिवीक्षेवर सुटलेली नणंद आणि ‘बटन’ गोळ्या

प्रश्न : नणंद चोरीच्या गुन्ह्यात परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) बंधपत्रावर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली अटी पाळायच्या लेखी हमीवर, सुटली आहे. नशेच्या ‘बटन’ गोळ्या सुटत नाहीत. परिवीक्षा अधिकाऱ्यांना सांगितलं तर आत टाकतील का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : सांगाच. आत टाकायचा अधिकार त्यांचा नाही, कोर्टाचा. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे अट पहिल्यांदा मोडली तर कोर्ट ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं. मूळ गुन्ह्याची शिक्षाही सुनावू शकतं. म्हणून समन्स यायच्या आत उपचाराचा कागद फाईलला लागलेला बरा.

गोळ्या मात्र घरात कोंडून एकदम बंद करू नका. (सासरची मंडळी नेमकं हेच करतात.) ‘बटन’ म्हणून विकतात त्या बहुतेक झोपेच्या गोळ्या. रोजच्या गोळ्या अचानक थांबल्या की हात थरथरतात, झोप उडते, फिटही येते. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे जाताना गोळ्यांचं रिकामं पाकीट न्या. नाव, मिलिग्रॅम त्यावर असतं. पाळी चुकली असेल तर तेही सांगा. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन १४४४६.

ऊसतोडीला जाणार असेल तर राहण्याची अट बदलायचा अर्ज उचल घेण्याआधी अधिकाऱ्यांमार्फत कोर्टात द्या. न सांगता टोळीबरोबर गेली की अधिकाऱ्यांकडची हजेरी चुकते आणि वॉरंट निघू शकतं.