विंचेस्टर १८८५ या जुन्या एकबारी रायफलची मूळ नळी बदलून हॅरी पोप या नामांकित अमेरिकी नळी-कारागिराची बसवली असेल, तर किंमत उतरते का?
नळी खरंच पोपची असेल तर उतरत नाही, उलट चढते. कारखान्याची नळी बदललेली दिसली की संग्राहक सहसा नाक मुरडतात, पण पोपचा अपवाद. १९०० च्या सुमारास अमेरिकेतले शुट्झेन (जर्मन पद्धतीच्या निशाणेबाजी स्पर्धांतले) नेमबाज मुद्दाम त्याच्याकडून नळ्या करून घेत. दारू भरलेलं काडतूस मागून आणि शिशाची गोळी तोंडाकडून, अशी भरायची रीत. गोळी वाकडी शिरू नये म्हणून नळीच्या टोकाला एक सुटा तुकडा बसवायचा, तो त्याच नळीतून कापलेला असे. दुसऱ्या नळीचा चालत नाही, म्हणून तो सोबत आहे ना, हे आधी बघा. मात्र झाडण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून चेंबरचा (काडतूस बसतं त्या पोकळीचा) साचा काढून घ्याच. काडतुसाचं माप अंदाजाने ठरवू नका.