‘आज काय बघितलंस?’ आईला काय सांगू?

प्रश्न: ताई नमस्कार. मी २८ वर्षांची, मूळची नाशिकची. पुण्यातली नोकरी सोडून पाठीवर बॅग टाकून निघाले त्याला तीन महिने झाले. थायलंड झालं, व्हिएतनाम झालं, आता दक्षिण लाओसमध्ये मेकाँग नदीतल्या डोन डेत नावाच्या बेटावर आहे. आले होते दोन दिवसांसाठी, आज नववा दिवस. पाऊस लागलाय. उठते, कॉफी पिते, वरांड्यातल्या हॅमॉकमध्ये पडते, नदी बघते, मोबाईल बघते, संध्याकाळ होते. बाकीचे बॅकपॅकर्स एकतर पुढे गेले नाहीतर मस्त लोळतायत, मलाच लोळता येत नाही. आई व्हिडिओ कॉलवर विचारते आज काय बघितलंस, आणि मी परवाचे फोटो आजचे म्हणून पाठवते. साठवलेले पैसे घालून मी इथे नुसती बसलेय असं वाटून पोटात गोळा येतो. पुढे निघू का? की मला हे असलं फिरणं झेपतच नाही?

उत्तर: अगं, परवाचे फोटो आजचे म्हणून खपवायचा धंदा मीही केलाय, त्यामुळे त्याबद्दल माफ.

मी लाओसमध्ये गेले होते तेव्हा उत्तरेकडून, हुआय सायहून लुआंग प्रबांगला जाणारी स्लो बोट घेतली होती. दोन दिवसांचा प्रवास, मधली रात्र पाकबेंगला. लांबलचक लाकडी बोट, बसायला जुन्या गाड्यांमधून काढून आणलेल्या सीट्स. पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत माझे डोंगर बघून संपले, बारापर्यंत मोबाईलची बॅटरी संपली आणि मग मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत बसले. शेजारी एक आजी होत्या, मांडीवर झाकणाची छोटी बांबूची टोपली. त्यातून चिमूटभर चिकट भात काढायच्या, तीन बोटांनी गोळी वळायच्या, मिरचीच्या ठेच्याला लावायच्या आणि तोंडात. मग टोपली माझ्यापुढे केली. मी आपला नेहमीसारखा भात कालवायला गेले, तो सगळा पाचही बोटांना चिकटला, पुसायला रुमाल काढला तर रुमालाला चिकटला. आजी हसून हसून बेजार. मग त्यांनी माझा हात धरून दाखवलं, थोडाच घ्यायचा, कोरड्या हाताने, दाबायचा, कालवायचा नाही. मला ते जमेपर्यंत पाकबेंग आलं. त्या दिवसाचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

तर तुझं दुखणं मला असं दिसतं की नोकरी सुटली पण टाइमशीट सुटली नाही. थायलंड ‘झालं’, व्हिएतनाम ‘झालं’ असं तूच लिहिलंयस बघ.

पण नुसतं ‘रिलॅक्स हो’ हा सल्लाही कुचकामी आहे, ज्यांना जमतं त्यांना सांगावं लागत नाही. पूर्ण मोकळा दिवस अंगावर येतोच, त्याला एखादी खुंटी लागते. एकच, चार नकोत. माझा अनुभव असा की रोज त्याच वेळी त्याच ठिकाणी जावं. नूडल सूपची एक टपरी पकड, सकाळी आठला तिथेच जा. पहिल्या दिवशी तू गिऱ्हाईक, चौथ्या दिवशी न सांगता तुझ्या वाडग्यात मिरची कमी पडते आणि त्यांची पोरं तुझ्या मोबाईलमध्ये डोकावतात. ‘सबायदी’ (नमस्कार) आणि ‘खोप चाय’ (धन्यवाद) एवढ्यावर नऊ दिवस काढले असशील तर रोज दोन शब्द त्यांच्याकडूनच शिक. संध्याकाळी कुठे लोखंडी गोळे टाकायचा खेळ चाललेला दिसला तर जाऊन उभी राहा. तो पेताँक, फ्रेंचांनी मागे ठेवलेला, लाओसमध्ये गल्लोगल्ली खेळतात. आधी बघ, कोणीतरी गोळा हातात देतंच.

फ्रेंचांवरून आठवलं, शेजारच्या डोन खोनला जायचा पूल त्यांच्या जुन्या रेल्वेचा आहे. खालच्या धबधब्यांमुळे बोटी पुढे जाईनात म्हणून त्यांनी बेटांवर रूळ टाकले होते. पलीकडे एक गंजकं इंजिन ठेवलंय. पाहिलं असशीलच, तरी सायकल घेऊन परत जा, ली फी धबधबा पावसात नऊ दिवसांत बदललेला असतो. डॉल्फिनच्या नावाने बोट मात्र करू नकोस, तिथल्या सीमेवरच्या डोहातला शेवटचा डॉल्फिन २०२२ मध्येच मेला. आणि या दिवसांत नदीत टायरवर तरंगायला अजिबात जायचं नाही, ओढ भयंकर असते.

अजून एक. आषाढी पौर्णिमेनंतर तिथल्या विहारांमध्ये भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, आपल्याकडच्या बौद्ध घरांमध्ये पाळतात तोच. तीन महिने एका जागी राहायचं, फिरायचं नाही, मुळात पावसात उगवलेलं आणि वळवळणारं पायाखाली येऊ नये म्हणून. म्हणजे तू चुकीच्या वेळी थांबलेली नाहीस, पुढे पळणारेच चुकलेत म्हण.

पैशाचं म्हणशील तर हिशोब मांडून बघ. बस, बोट, नवीन गावातली पहिली रात्र, तिथली तिकिटं, हे सगळं धरलं तर फिरतीचा दिवस बसलेल्या दिवसापेक्षा हमखास महाग पडतो.

आता जरा गंभीरपणे. झोप येत नाही, जेवावंसं वाटत नाही, कुणाशी बोलायचाही कंटाळा येतो असं असेल तर तो रिकामा दिवस नाही, तो एकटेपणा आहे, आणि त्याला खुंटीबिंटी चालत नाही. माणसं असलेल्या मोठ्या गावात जा, पाक्से जवळ आहे, नाहीतर सरळ घरी ये. तिकीट काढून परत येणं म्हणजे हरणं नाही, नाशिक कुठे जात नाही.

आईचं सोपं आहे. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या असतील तर उद्या मोज. पाणी चढतंय, रोज किती बुडाल्या ते तिला सांग. आठवड्यात तीच फोन करून विचारेल, आज कितवी गेली गं?

आणि पासपोर्ट काढून व्हिसाची तारीख आत्ता बघ, नऊ दिवस वार न कळता गेलेत म्हणून म्हणतेय.