चष्मा बदलला तरी बाबांना अंधुकच दिसते, काहून?

बाबांचं वय ५५, मागच्या महिन्यात नवा चष्मा केला तरी अंधुकच दिसते म्हणता, तर पहिले सांगा शुगर तपासली का? शुगर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगते अन् नंबर बदलत राहते. आमच्या काकाजीनं असेच दोन चष्मे केले, दोन्ही खुंटीले टांगून आहेत, शुगर निघाली तीनशेच्या वर! आधी ती आटोक्यात आणा, काही आठवडे जाऊ द्या, मंग नंबर काढा. सोबत डोळ्याच्या आतला पडदाही तपासा, थेंब टाकून बाहुली मोठी करून पाहतात (त्या दिवशी बाबांना गाडी चालवू देऊ नका). शुगरनं झालेली पडद्याची खराबी दुखत नाही म्हणून तर समजत नाही.

मोतीबिंदू असला तर रात्री समोरच्या गाडीचा लाईट फाकते. नुसती चाळिशी असली तर जवळचंच दिसत नाही, सुईत दोरा जात नाही, बाकी ठीक.

आता वावरातलं. फवारून आल्यावर अंधुक दिसून मळमळ, घाम, लाळ सुटत असंल तर ते विषबाधेचं आहे, औषधाचा डबा घेऊनच दवाखान्यात जा. तुरीचं धसकट डोळ्यात लागलं तर मेडिकलवरून मनानं ड्रॉप आणू नका, स्टिरॉइडचा निघाला तर जखम चिघळते. अन् एकाएकी एका डोळ्यानं दिसेना किंवा नजरेसमोर पडदा ओढल्यावाणी झालं तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.