कच्च्या चिकनमधले प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू शिजवल्यावर मरतात का?
होय, मरतात. औषधाला दाद न देणारा जिवाणू उष्णतेपुढे इतरांइतकाच हतबल असतो, आणि मांसाचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की काम होते. खरा धोका शिजवण्याआधीचा आहे: नळाखाली चिकन धुताना उडणारे शिंतोडे (ही सवय आपल्याकडे सुटणे कठीणच) आणि त्याच सुरीने चिरलेली कोशिंबिरीची काकडी. असे जिवाणू येतात कुठून, याचे एक उदाहरण: कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले प्रतिजैविक कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून दिले जात असे; २०१५ साली चीनमध्ये डुकरांत व कच्च्या मांसात त्याला निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे एमसीआर-१ जनुक आढळल्याचे जाहीर झाले, तरी भारतात कुक्कुटपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी यायला जुलै २०१९ उजाडावा लागला.