टोरंट, नोटीस आणि फॉरमॅट मारण्याची घाई

ठाण्याला कोर्ट नाक्याजवळ माझं वकिलीचं ऑफिस आहे. गेले काही महिने टपालात आणि मेलमध्ये प्रश्न एकच येतोय, फक्त पत्ते वेगळे : परवानगीशिवाय उतरवलेले सिनेमे, सॉफ्टवेअर, पुस्तकं, आणि त्यावरून आलेली नोटीस. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिणं आता होत नाही, म्हणून निवडक पत्रं इथे घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी टोरंटवरून सिनेमे फक्त डाउनलोड करतो, कुणाला देत नाही. नुसतं डाउनलोड करणं गुन्हा नाही, असं मित्र सांगतात. बरोबर ना? (नेरुळ)

उत्तर : टोरंट कसं चालतं ते तुमच्या मित्रांना माहीत नाही. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने ही पद्धत तयार केली तीच मुळी घेता घेता देण्यासाठी. फाइलचे तुकडे होतात, आणि थोडे तुकडे तुमच्याकडे आले की तुमच्याच मशीनवरून ते दुसऱ्यांना जायला लागतात. तुम्ही झोपलेले असता आणि लॅपटॉप वाटप करत असतो. ती फाइल घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या झुंडीतल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक, दिसतो. निर्मात्यांनी नेमलेल्या कंपन्या त्याच झुंडीत शिरतात आणि पत्ता, तारीख, वेळ टिपून ठेवतात. त्यासाठी कुणाला काही हॅक करावं लागत नाही.

मित्रांच्या सांगण्याचं मूळ २०१६ मध्ये असावं. बंद केलेल्या साइट्सवर तेव्हा ‘नुसतं पाहणंही गुन्हा’ अशा अर्थाची सूचना झळकली आणि घबराट उडाली. मुंबई उच्च न्यायालयाने मग स्पष्ट केलं, की गुन्हा पाहण्यात नसून परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे. लोकांनी पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला. टोरंट दुसऱ्या अर्ध्यात येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कारणं नोंदवून कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण ते कोर्टाच्या हातात आहे. पोलिसांचा रोख बहुतेक वेळा साइट चालवणाऱ्यांवर असतो हे खरं, पण त्याला परवाना समजू नका.

प्रश्न : व्हीपीएन (आपला आयपी पत्ता झाकणारी सेवा) घेतलं की प्रश्न मिटला ना? (कळवा)

उत्तर : नाही. पत्ता झाकला म्हणून कृत्य कायदेशीर होत नाही. ‘आम्ही कसलीच नोंद ठेवत नाही’ हे जाहिरातीतलं वाक्य आहे, शपथपत्र नव्हे.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचं आठ संगणकांचं डिझाइनचं युनिट आहे. भाच्याने टोरंटवरून क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर टाकलं होतं. आता कंपनीच्या वकिलांचं पत्र आलंय. घाबरून आम्ही सगळ्या मशीन फॉरमॅट मारल्या. एक डीलर जुन्या तारखेचं बिल द्यायला तयार आहे. पत्र येऊन पाच आठवडे झाले. घ्यावं का बिल? (ठाणे पश्चिम)

उत्तर : घेऊ नका. आणि पाच आठवडे काय करत होतात?

हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते, म्हणून इथे जरा बसून बोलते. सिनेमा उतरवणारा कॉलेजचा मुलगा आणि चोरीच्या सॉफ्टवेअरवर ग्राहकाचं काम करून बिल फाडणारा कारखानदार, यांत कायदा फरक करतो. संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३ ब लागतं. त्यात किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्याचा वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तुमचा वापर धंद्याचाच आहे, त्यामुळे ती सवलत विसरा. कलम ६९ प्रमाणे भागीदार आणि संचालकही ओढले जातात. सॉफ्टवेअर टाकलं भाच्याने, पण पत्र तुमच्या नावाने आलं, ते उगाच नाही.

आता फॉरमॅटचं, म्हणजे डिस्क पुसून टाकण्याचं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर गप्प बसत नाही. इंटरनेट मिळालं की अनेक प्रोग्रॅम मशीनची ओळख, आयपी पत्ता आणि वापराच्या तारखा मूळ कंपनीच्या सर्व्हरला कळवतात. पत्र बहुधा त्यावरूनच निघतं. म्हणजे तुम्ही फॉरमॅट मारला तुमच्या डिस्कवर, नोंद राहिली त्यांच्याकडे. गेला तो तुमच्या बाजूचा पुरावा : कोणत्या मशीनवर खरं लायसन्स होतं, कुठे नुसतं चाचणीपुरतं टाकलं होतं, कुठे कधी उघडलंच नव्हतं. आठपैकी दोनच मशीनवर वापर होता असं उद्या सांगायचं असेल तर दाखवणार काय? शिवाय नोटीस मिळाल्यावर इलेक्ट्रॉनिक पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेखाली वेगळाच गुन्हा ठरू शकतो. दिवाणी दावा झाला तर कोर्ट कमिशनर (कोर्टाने तपासणीसाठी नेमलेला माणूस) पूर्वसूचना न देता युनिटमध्ये येऊन संगणक तपासू शकतो, आणि आठही मशीनवर एकाच दिवशी विंडोज नव्याने टाकलेलं त्याला दिसलं की पुढचं त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

डीलरच्या बिलाने तर तुम्ही आगीतून फुफाट्यात जाल. लायसन्स कधी सुरू झालं याची तारीख कंपनीकडे असते. आज कॉपीराइटचं प्रकरण आहे, ते बिल जोडलंत की बनावट दस्तऐवजाचं होईल. डीलरचं काय जातं? त्याचं लायसन्स खपलं. गिऱ्हाईक घाबरलेलं असलं की असे ‘मदत’ करणारे बरोबर हजर होतात.

एवढंच करा. मशीनना आता हात लावू नका. लायसन्सची खरी बिलं एका फाइलमध्ये लावा. पत्र पाठवणाऱ्या वकिलांकडे कंपनीचं अधिकारपत्र आहे का ते लेखी विचारा, कारण नकली नोटिसाही फिरतात. फोनवर काही कबूल करू नका. ‘आमचं ऑडिट टूल (मशीनवर कोणतं सॉफ्टवेअर आहे ते तपासणारा प्रोग्रॅम) चालवा’ असं म्हणाले तर वकिलाशिवाय चालवू नका. मागितलेली रक्कम म्हणजे शेवटचा आकडा नसतो, तडजोड होते. पण फॉरमॅटची गोष्ट स्वतःच्या वकिलापासून लपवू नका. हे वाचून होईल त्याच दिवशी कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला गाठा.

प्रश्न : मोबाइलवर पान उघडलं : ‘तुम्ही पायरेटेड मजकूर पाहिलात, दंड भरा, नाहीतर अटक’. खाली क्यूआर कोड. भरू का? (खारघर)

उत्तर : भरू नका, ही फसवणूक आहे. पोलीस क्यूआर कोडवर दंड घेऊन गुन्हा मिटवत नाहीत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उद्या नको.

प्रश्न : मुलगा जर्मनीत शिकतो. टोरंटवरून एक सिनेमा उतरवल्याबद्दल त्याला तिथल्या वकिलांचं पत्र आलंय. शेकडो युरो मागितलेत आणि सोबत सही करायला हमीपत्र आहे. इथले नातेवाईक म्हणतात, दुर्लक्ष कर. (ऐरोली)

उत्तर : ताई, नातेवाईक ऐरोलीत आहेत, कोर्ट जर्मनीत आहे. या पत्राला तिकडे ‘आबमानुंग’ म्हणतात आणि अशी पत्रं तिथे सर्रास जातात. दुर्लक्ष केलं तर कोर्टातून मनाई हुकूम येऊ शकतो आणि खर्च वाढतो. उलट आलेल्या हमीपत्रावर जशीच्या तशी सही करणंही धोक्याचं, कारण ते वर्षानुवर्षं बांधून ठेवतं आणि पुन्हा चूक झाली की करारातला दंड लागतो. तिथले वकील बहुधा त्याचा मजकूर बदलून घेतात. ठाण्यात बसून जर्मन कायद्यावर मी सल्ला देणार नाही. मुलाने पत्रातली मुदत पाहावी आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेकडे किंवा ग्राहक सल्ला केंद्राकडे जावं.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. भाषेची सेवाच आहे ना ही? (डोंबिवली)

उत्तर : लेखकाच्या खिशातून केलेली सेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं मूळ लेखन २०११ पासून खुलं आहे, ते खुशाल वाटा. नव्या संपादकाची प्रस्तावना किंवा चित्रं असतील तर त्यांचा हक्क वेगळा. हयात लेखकाचं पुस्तक स्कॅन करून टाकत असाल तर आधी प्रकाशकाला विचारा.

प्रश्न : घोडबंदर रोडवरचा फ्लॅट भाड्याने दिलाय, वायफाय माझ्या नावावर. भाडेकरू मुलांच्या टोरंटवरून मला पोलिसांची नोटीस आली. अटक होईल? (मुलुंड)

उत्तर : आयपी पत्ता कनेक्शनपर्यंत पोहोचतो, बोटांपर्यंत नाही. कलम ६३ ला ‘जाणूनबुजून’ लागतं. तरी हलक्यात घेऊ नका. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं आहे. शिक्षा ७ वर्षांच्या आतली असल्याने पोलीस सहसा थेट अटक न करता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. तुमची तीच आहे का ते पाहा. तसं असेल तर दिलेल्या तारखेला जाच, गेला नाहीत तर अटकेला कारण मिळतं. भाडेकरार, पोलिसांकडे दिलेली भाडेकरूंची माहिती आणि राउटर बरोबर न्या, आणि एकटे जाऊ नका. वकिलाची फी परवडत नसेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, पात्र असाल तर तिथे वकील मोफत मिळतो. वरच्या फॉरमॅटसारखा राउटर रीसेट करून आपलाच पुरावा पुसला नसेल अशी आशा करते.